जुन्या ट्रकचा क्लच: कोकणातले गाडीवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

हातखंबा तिठ्याजवळ माझं गॅरेज आहे. एका अंगाला मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या अंगाला आंबा घाटाकडे चढणारा कोल्हापूरचा रस्ता. चिऱ्याच्या, मासळीच्या, आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या रोज समोरून जातात आणि त्यातल्या बऱ्याच क्लचसाठी थांबतात. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हे सगळं जुन्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्यांबद्दल आहे: १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि तिच्या वयाच्या, तिच्याहून मोठ्या गाड्या. आकडे गाडीगणिक बदलतात, तेव्हा तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलाच आकडा धरा.

१. क्लच गेला म्हणतात तेव्हा नेमकं काय जातं?

इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट, या दोघांच्या मधे क्लच प्लेट चेपलेली असते. चेपलेली असेपर्यंत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, प्रेशर प्लेट मागे सरकते आणि क्लच प्लेट मोकळी होते. म्हणून "क्लच गेला" या एका वाक्यात दोन उलट तक्रारी असतात. एक, क्लच नीट धरत नाही, म्हणजे घसरतो (प्रश्न २ आणि ३). दुसरी, क्लच नीट सुटत नाही, म्हणजे गिअर पडत नाही (प्रश्न ४). फोन करताना यातलं कोणतं ते सांगितलंत तर निम्मं काम तिथेच होतं.

२. घाटात अडकायच्या आधी क्लच घसरतोय हे कसं ओळखायचं?

भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये, चढणीला आधी कळतं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी आहे त्याच वेगात राहते. मग जळका वास येतो. निवळीच्या चढावर हे एकदा जरी जाणवलं तरी तसेच आंबा घाटाला लागू नका.

खात्री करायची तर सपाट, मोकळी जागा बघा. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, समोर कोणी उभं राहू देऊ नका. इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाका आणि पेडल हळूहळू सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच धरतोय. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन चालूच राहिलं तर घसरतोय. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केलीत तर उरलेली प्लेटही जळेल.

३. घसरतोय म्हणजे प्लेट संपलीच ना? गिअरबॉक्स उतरवू का?

थांबा. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दिवसभराची मजुरी, आणि माझ्याकडे "प्लेट संपली" म्हणून आलेल्या किती तरी गाड्यांची प्लेट शाबूत निघाली आहे.

आधी पेडलचा मोकळा खेळ बघा. हाताने पेडल दाबलं की सुरुवातीचा थोडा भाग हलका जायला हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो. प्लेट झिजते तसा हा खेळ कमी होत जातो, आणि अजिबात उरला नाही की रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं. पाय न ठेवताच क्लच अर्धवट दाबलेला राहतो. लिंकेज किंवा ढकलदांड्याचा नट फिरवून खेळ परत आणता येतो.

दुसरं, ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये दाब आत अडकून राहतो. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र कचऱ्याने बुजतं, किंवा रबरी होज आतून फुगते. गाडी गरम झाल्यावर घसरायला लागली तर खाली फोर्क ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा एअर काढायचा स्क्रू क्षणभर सैल करा. जोरात ऑइल उडालं आणि क्लच धरायला लागला तर दोष ऑइलच्या लाइनमध्ये आहे, प्लेटमध्ये नाही.

तिसरं, आमच्याकडचं खास: खाऱ्या हवेने फोर्कची धुरी आणि लिंकेजचे सांधे गंजतात, पाय उचलल्यावर फोर्क पूर्ण मागे येत नाही. गंज साफ करून ग्रीस दिलं की गाडी सुधारते. हे तिन्ही बघूनही घसरत असेल तर मग प्लेट संपली, ऑइलने भिजली किंवा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा मेल्या, असं समजून गिअरबॉक्सला हात लावा.

४. गिअर करकरतो, पहिला आणि रिव्हर्स तर पडतच नाही. चढणीला मात्र गाडी मस्त ओढते.

म्हणजे क्लच धरतोय, सुटत नाही. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल तळापर्यंत दाबून काही सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर प्लेट अजून फिरते आहे. ऑइलची डबी भरलेली आहे का, कुठे गळतंय का, पेडल स्पंजसारखं लागतंय का, हे आधी बघा. बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं (प्रश्न ५ ते ८). गाडी बरेच दिवस उभी होती का? मग प्रश्न ९. पेडल कडक, ऑइल भरलेलं, गाडी रोजची चालती, तरीही सुटत नसेल तर वाकलेली प्लेट, प्रेशर प्लेटच्या वरखाली झालेल्या फिंगर (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं त्या पट्ट्या), किंवा जाम झालेलं पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सचा शाफ्ट पेलणारं) यातलं काही तरी आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

५. पेडल खालीच राहतं, पायाने उचलून वर घ्यावं लागतं. मास्टर गेला की स्लेव्ह?

केबिनमध्ये वाकून पेडलच्या वर जिथे मास्टरचा दांडा आत जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, खालची मॅट ओशट झाली असेल, तर मास्टर. गाडीखाली स्लेव्हचं रबरी बूट मागे सारून बघा, आतून ऑइल निथळलं तर स्लेव्ह. कुठेच गळत नाही, डबीही भरलेली आहे, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं, तर बहुतेक मास्टरचा आतला रबरी वायसर ऑइल मागे सोडतोय.

६. क्लचमध्ये कोणतं ऑइल टाकायचं? इंजिन ऑइल चालतं का?

इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, काहीही चालत नाही. डबीच्या झाकणावर लिहिलेलं ब्रेक ऑइलच टाकायचं, जुन्या गाड्यांत सहसा डॉट ३ किंवा डॉट ४. खनिज तेलाने आतले रबर फुगतात आणि मग दोन्ही सिलिंडर, होज सगळंच बदलावं लागतं. रस्त्यात ऑइल संपलं म्हणून कोणी "तात्पुरतं" काही ओतायला सांगितलं तर ऐकू नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. आपल्या हवेत उघडी राहिलेली बाटली पुढच्या कामाला ठेवू नये. मी किनाऱ्यावरच्या गाड्यांचं ऑइल दरवर्षी पावसाळा संपला की बदलतो. आतल्या पाण्याने सिलिंडर गंजतात, ते वाचतात. आणि हो, हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

७. एअर काढायची पद्धत काय?

दोन माणसं लागतात. डबी भरा. स्लेव्हच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने स्क्रू अर्धा फेरा सोडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत. दर पाच-सहा वेळा डबी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. गंजलेल्या स्क्रूवर थेट जोर लावू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर मुंडी तुटते आणि पाच रुपयांच्या कामासाठी सिलिंडर जातो.

८. सिलिंडरला किट टाकू की नवा घेऊ?

आतला भाग बोटाने आणि बॅटरीच्या उजेडात बघा. गुळगुळीत असेल तर किट, म्हणजे नुसते आतले रबर, पुरेल. खड्डे पडलेले असतील, नखाला लागत असतील, तर नवा वायसर महिनाभरात फाटतो. मासळीच्या गाड्यांत मी किट टाकतच नाही. बर्फाचं खारं पाणी थेट चेसिसवर आणि स्लेव्हवर गळत असतं, फाटक्या बुटातून ते आत जातं. तिथे नवा सिलिंडर आणि नवं बूट, दोन्ही.

९. पावसाळाभर गाडी उभी होती. आता इंजिन चालू होतं पण क्लच सुटतच नाही.

हा प्रश्न ऑगस्टमध्ये हमखास येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासळीच्या गाड्या बंदरावर दोन महिने भिजत उभ्या असतात. फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेटचं लायनिंग (तिच्यावरचा घासणारा थर) त्याला चिकटून बसतं. मिरकरवाडा बंदरातल्या एका गाडीची प्लेट मी पाचरीने सोडवली, तेव्हा फ्लायव्हीलवर लायनिंगचा पूर्ण ठसा उमटला होता: रिवेटांची गोल भोकं, मधल्या चिरा, सगळं तांबूस गंजात कोरल्यासारखं. लायनिंगचा एक तुकडा तर तिथेच राहिला होता.

दर वेळी उतरवावं लागतंच असं नाही. आधी इंजिन चालवून चांगलं गरम करा, एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत पूर्ण हवा भरू द्या. इंजिन बंद करा. समोर लांबवर मोकळं मैदान हवं, माणूस-जनावर नको. दुसरा गिअर टाका, पेडल तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. गाडी चालू लागेल. पेडल दाबलेलंच ठेवून ॲक्सिलरेटर थोडा दाबा, सोडा, दाबा, सोडा. बऱ्याचदा "टक" करून प्लेट सुटते. चार-पाच वेळात सुटली नाही तर हट्ट करू नका, गिअरबॉक्स उतरवा. सुटली तरी काही दिवस क्लच थरथरेल, कारण गंज अजून तिथे आहे. रिकाम्या गाडीने तो घासून जाऊ द्या.

पुढच्या वर्षी गाडी छपराखाली ठेवा, आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून पेडल पंधरा-वीस वेळा दाबा. तेवढं करणाऱ्याची गाडी या कामासाठी माझ्याकडे येत नाही.

१०. खालून घरघर येते. रिलीज बेअरिंग की गिअरबॉक्स?

इंजिन चालू, न्यूट्रल, आणि कान द्या. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलेलं असतानाच किरकिरत असेल तर पायलट बेअरिंग, कारण क्रँक आणि शाफ्ट त्याच वेळी वेगवेगळे फिरतात.

११. गिअरबॉक्स घरच्या अंगणात उतरवता येईल का?

जांभ्याच्या अंगणात जॅक नीट उभा राहत नाही, पावसात तर नाहीच. काँक्रीटची सपाट जागा हवी. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, बॅटरीची अर्थिंगची वायर काढलेली, गाडी उचलली असेल तर खाली लोखंडी स्टँड. चिऱ्यावर गाडी टेकवून खाली जाऊ नका. चिरा भार पेलतो, पण जोराने एका कोपऱ्यावर आला की फुटतो, आणि फुटण्याआधी सांगत नाही.

गिअरबॉक्स हातावर पेलायची वस्तू नाही. त्याचा जॅक किंवा चेनपुली लावा. उतरवताना आणि चढवताना तो क्षणभरही क्लच प्लेटच्या दात्यांत लोंबकळू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवीन प्लेट पहिल्याच दिवशी खराब होते.

बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मी उमेदीच्या वयात अनेक वर्षं हवा मारली. आज माझ्या पोरांना तसं करू देत नाही.

बसवताना डमी शाफ्टने (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारख्या दांड्याने) प्लेट मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. दात्यांना उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. जास्तीचं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं.

१२. फक्त प्लेट बदलू की पूर्ण सेट?

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच. पायलट बेअरिंगही. मजुरी तेवढीच लागते, आणि दोन महिन्यांनी त्या बेअरिंगसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येत नाही. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन परत बसवणारे अजूनही भेटतात. आत भरलेलं ग्रीस धुतलं जातं आणि ते कोरडंच फिरतं.

१३. फ्लायव्हीलला फेसिंग करणं गरजेचं आहे का?

नखाला लागतील असे चरे, निळे डाग किंवा गंजाचे खड्डे असतील तर हो. लेथवर हलका कट. कंपनीने दिलेल्या जाडीच्या खाली जायचं नाही. प्रेशर प्लेट बसायची जागा वेगळ्या पातळीवर असेल तर तिथूनही तेवढंच काढावं लागतं, हे लेथवाल्याला आधी सांगा. केसासारख्या बारीक रेषा फेसिंगने जातात. खोल भेगा असतील तर फ्लायव्हील बदला.

१४. जुन्या प्लेटवर नवीन लायनिंग मारून घेतलं तर?

मधले दाते, डॅम्परच्या स्प्रिंगा आणि प्लेटचा पत्रा शाबूत असेल, आणि रिवेट मारणारा हात सवयीचा असेल, तर सपाटीवरच्या गाडीला चालतं. कुंभार्ली, करूळ, फोंडा असे घाट रोज चढणाऱ्या भरलेल्या गाडीला मी नवीनच प्लेट टाकतो.

१५. प्लेटला ऑइल लागलंय. पेट्रोलने धुऊन चालेल?

नाही. लायनिंगने ऑइल आत शोषलेलं असतं. गरम झालं की परत वर येतं. प्लेट बदला, पण त्याआधी ऑइल आलं कुठून ते शोधा, नाहीतर नवीनही भिजेल. वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा सील. काळं, इंजिनाच्या वासाचं असेल तर क्रँकचा मागचा सील. बेल हाउसिंगच्या तळाचं छोटं भोक चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. तिथून थेंब पडायला लागला की गळती आधीच कळते.

१६. नवीन क्लच बसवला, तरी सुटत नाही. सामान खराब निघालं का?

असू शकतं, पण आधी बसवणं तपासा. एअर नीट काढली का (प्रश्न ७), खेळ जुळवला का (प्रश्न ३), जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटच्या फिंगर एका पातळीत आहेत का. आणि प्लेट उलटी तर नाही ना? बहुतेक गाड्यांत प्लेटचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो; काही प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. शिकाऊ असताना मी एका चिऱ्याच्या गाडीत प्लेट उलटी बसवली होती. मालकाचे दोन दिवस फुकट गेले. तेव्हापासून प्लेट बसवायच्या आधी मी तिच्यावर खडूने बाण काढतो.

१७. क्लच सोडताना गाडी थरथरते.

गंज (प्रश्न ९), ऑइल (प्रश्न १५), किंवा तापून वाकडं झालेलं फ्लायव्हील. पण आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंट बघा. पट्ट्या गंजून आणि रबर फाटून माउंट गेलेली असतात, आणि दोष क्लचवर येतो.

१८. मोठी गाडी आहे, पेडल अचानक दगडासारखं जड झालं.

हवेवर चालणारा क्लच बूस्टर असेल तर त्याला हवा मिळत नाही. टाकीचा दाब आणि नळ्यांची गळती बघा. दमट हवेमुळे टाकीत पाणी साचतं, ते बूस्टरपर्यंत गेलं की आतले भाग गंजतात. टाकीचं पाणी रोज सोडा.

१९. घाटात मधेच क्लच सुटायचा बंद झाला तर?

आधी गाडी बाजूला घ्या, चाकामागे दगड लावा, मागे लांबवर झाडाची फांदी आणि त्रिकोण ठेवा. डबीत ऑइल आहे का बघा. ऑइल टाकून पेडल पंप केल्यावर कधी कधी तात्पुरतं काम होतं. नाहीच झालं आणि जागा धोक्याची असेल, तर पहिला गिअर टाकून सेल्फवरच गाडी सुरू करून जवळच्या रुंद जागेपर्यंत न्यावी, तेवढंच. भरलेली गाडी अशीच घाटाखाली उतरवू नका.

२०. उतारावर डिझेल वाचवायला पेडल दाबून गाडी सोडली तर काय बिघडतं?

इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो; कशेडी-आंबा उतरताना ब्रेक तापून निकामी व्हायला एवढं पुरतं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. खालच्या गिअरमध्ये पेडल दाबून वेग वाढू दिला तर चाकं प्लेटला इंजिनापेक्षा किती तरी जोरात फिरवतात, आणि लायनिंग फुटून उडतं. बेल हाउसिंगमध्ये नुसते तुकडे सापडलेल्या अशा प्लेटा मी हातात घेतल्या आहेत.

२१. नवीन क्लच टाकला. लगेच भरून घाटात नेऊ?

पहिले ३०० ते ५०० किलोमीटर हलका भार, सपाट रस्ता. चढणीवर गाडी हाफ क्लचवर धरून उभी करू नका, हँडब्रेक वापरा. आंब्याच्या हंगामात हे ऐकायला कठीण जातं, म्हणून क्लचचं काम फेब्रुवारीतच उरकून घ्या.

२२. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती. क्लचचं काय करायचं?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हा प्रश्न सर्वात जास्त आला. सेल्फ मारू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल आधी बघा. दुधाळ झालं असेल तर पाणी आत आहे. बेल हाउसिंगमध्ये गाळ साचतो, तळाच्या भोकातून आणि फोर्कच्या खिडकीतून गोड्या पाण्याने तो धुऊन काढा, पण जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. क्लचचं ऑइल पूर्ण बदला. लायनिंग वाळल्यावर गाडी चालेलही, पण रिलीज बेअरिंगमध्ये गेलेली माती निघत नाही, ते काही आठवड्यांत ओरडायला लागतं. खाडीचं खारं पाणी असेल तर वाट बघू नका. त्याच आठवड्यात गिअरबॉक्स उतरवून सगळं साफ करा, कारण सिलिंडर आणि फ्लायव्हीलवर मीठ त्याच दिवसापासून काम सुरू करतं.